पाण्याकाठची जुनी, इवलीशी खोली : तुमचा मुक्काम कसा झाला?

नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस होता. हॉटेल नको म्हणाला, म्हणून बेलापूरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात रात्रीपुरती खोली घेतली. पूर्वी तिथे जाळी ठेवायचे. दहा बाय आठ, वर कौलं, वाशाला जाळी टांगायचे खिळे अजून तसेच. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० साली, घर त्याच्याही आधीचं.

जाहिरातीत होतं 'खिडकीतून पाणी'. दुपारी दोनला पोचलो तर खिडकीतून निव्वळ चिखल! त्यात निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतायत, एक होडी कुशीवर पडलीय. नवरा म्हणाला, "पाणी आत उचलून ठेवलंय का?"

घरच्या मावशी हसल्या. "आज एकादस नाय का? पानी सवाआठला येल." हिशोब असा, तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. इतकी वर्षं नवी मुंबईत राहून मला हे ठाऊक नव्हतं.

सातच्या सुमाराला चिखलातल्या चरांमधून पाणी चमकायला लागलं. आधी होडीच्या बुडाशी आलं, मग होडी किंचित हलली, पुन्हा टेकली, पुन्हा हलली. ती सरळ उभी राहीपर्यंत आम्ही दोघं एका बाकावर चहा घेऊन बसलो होतो. केक कापायचा राहूनच गेला.

तक्रारी : संडास बाहेर. मच्छरदाणीला भोक. चौकट ठेंगणी, वाढदिवसाच्या मानकऱ्याचं डोकं दोनदा आपटलं.

तुमचेही लिहा. जागा जुनी हवी, लहान हवी, पाणी हाताशी हवं. रिसॉर्टवाल्यांनी क्षमा करावी.

नेरूळकर
चिखलाला नावं ठेवू नका हो. फ्लेमिंगो ओहोटीलाच चिखलात उतरून खातात, भरती आली की आमच्या नेरूळच्या पाणथळीत येऊन एका पायावर उभे. हिवाळ्यापासून मेपर्यंत कधीही जा.

घोडबंदर रोड
आमचा अनुभव केरळातल्या अलप्पुळाचा, चालेल ना? एका खोलीची केट्टुवल्लम, म्हणजे हाऊसबोट. मूळची ही भात वाहणारी होडी. फळ्या काथ्याने शिवलेल्या, खिळा नाही. हे ऐकल्यावर बायको निवांत झोपली आणि मी शिवण उसवायची वाट बघत जागा. साडेपाचलाच बोट काठाला बांधली म्हणून मी वाद घातला, पैसे रात्रीचेही घेतलेत ना! तर रात्री तिथे मच्छीमारांची जाळी लागतात, हाऊसबोटी फिरवत नाहीत. मुकाट्याने करीमीन मासा खाल्ला.

चेंदणीवाला
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. ठाण्यात खाडीकडच्या आमच्या जुन्या घराचा माळा आम्ही पाहुण्यांना द्यायचो. शेजारी मीठबंदर, आता नावापुरतंच. माळ्यावर एक पलंग, एक खिडकी, शिडीसारखा जिना. लोक यायचे 'जुनं काहीतरी' बघायला आणि अंगणात बोंबील वाळत घातलेले दिसले की नाकाला रुमाल. एक साहेब सकाळी डोळे चोळत खाली आले. कळव्याच्या पुलावरच्या गाड्यांचा आवाज कमी होईल का, विचारलं. म्हटलं, खाडीवरून आगगाडी १८५४ पासून जातेय, आता मी कोणाला सांगू? पण चांगलेही आले. एक आजोबा चार दिवस राहिले, रोज आमच्या आजीशी माशांच्या नावांवरून भांडले, जाताना रडले.

माळा बंद केला तो तक्रारींमुळे नाही. आजीला तिची खिडकी परत हवी होती.

ऐरोली सेक्टर ८
धागाकर्तीला प्रश्न. संडास बाहेर म्हणजे नक्की किती बाहेर? आईला न्यायचंय, गुडघे दुखतात.

धागाकर्ती
वीस पावलं, दोन पायऱ्या. उधाणाच्या दिवसांत नका जाऊ, मावशी गमबूट देतात म्हणे.