मदत हवी आहे: मायक्रोफायबरचे टॉवेल पाणीच शोषत नाहीयेत
नमस्कार मंडळी. काचा आणि गाडी पुसायला माझ्याकडे मायक्रोफायबरचे सहा टॉवेल आहेत. नवे असताना काचेवरून एकदा फिरवला की थेंब उरत नसे. आता तोच टॉवेल पाणी नुसतं पुढे ढकलतो. हात फिरवला तर ती मऊ लव लागत नाही, आणि सुती कपड्यांचे पांढरे तंतू आत घट्ट अडकलेले दिसतात.

चूक कुठे झाली ते कळलंय. सगळं एकत्र मशिनला लावायचे, वर दर वेळी फॅब्रिक सॉफ्टनर. टॉवेलवर ८० टक्के पॉलिस्टर, २० टक्के पॉलिअमाइड असं लिहिलंय. सॉफ्टनरचा थर या बारीक तंतूंवर बसतो आणि शोषणं कमी होतं, हे उशिरा समजलं.

आता सॉफ्टनर बंद. वेगळे धुते, लिक्विड डिटर्जंट अगदी थोडं, पाणी कोमट, वाळवणं सावलीत. तीन धुण्यांत दोन टॉवेल सुधारले, चार तसेच आहेत.

जुना थर काढायला पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून कुणाला खरंच फरक पडलाय का? प्रमाण किती, वेळ किती? पाणी ४० अंशांच्या वर न्यावं का? जास्त उष्णतेने हे तंतू खराब होतात, म्हणून हिंमत होत नाही. आणि ते अडकलेले सुती तंतू कसे काढता? मी चिमट्याने काढत बसले होते, अर्ध्या तासात एक कोपराही झाला नाही.

ब्लीच मात्र नको. स्वतः करून पाहिलेलं असेल तर नक्की सांगा, टॉवेल चांगले आहेत, टाकवत नाहीत.