नवीन जोडलेल्या पीसीत एसएसडी दिसतच नाही, परत करू का?

सेतूवाला_दारव्हा
दारव्हा तालुक्यात गावात ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, दाखले. जुना पीसी फारच रखडायला लागला म्हणून नागपूरहून सुटे भाग आणून नवा जोडला. आय३-१०१०५ प्रोसेसर, बी५६० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी, शिवाय जुन्या पीसीतली हार्डडिस्क. विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला की सेटअप सुरू होतो, पण डिस्कच्या यादीत फक्त जुनी हार्डडिस्क येते. एसएसडी काढून परत बसवली, तेच. दुकानदार म्हणतो, माल चांगलाच आहे. बदलून आणायची म्हणजे दुकान एक दिवस बंद, आणि सध्या गर्दी आहे. काय करू?

बुल्डीकर
बायोस (पीसी चालू होताच विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम) अपडेट मार आणि त्यातलं सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) बंद कर. नव्या बोर्डांचं नव्वद टक्के दुखणं त्यानंच जाते.

पराटी
अबे थांब ना बाप्पा! आपल्या इकडं लाईनचा काई भरोसा हाय का? अपडेट होता होता लाईन गेली त बोर्डच बसते. यूपीएस धड असन तरच त्या भानगडीत पडजो. सेतूवाले भाऊ, आधी सांगा, बायोसमंदी एसएसडीचं नाव दिसते का नाई?

सेतूवाला_दारव्हा
बायोसच्या स्टोरेज यादीत हार्डडिस्क आहे. एनव्हीएमईसमोर काहीच नाही. एसएसडी प्रोसेसरच्या लगेच खालच्या स्लॉटमध्ये, पत्र्याखाली लावली आहे.

संत्राबर्फी
मग दादा, एसएसडी परत करू नका. दुखणं त्या स्लॉटमध्येच आहे.

बूटच्या यादीत नाव नसणं वेगळं. कोऱ्या एसएसडीवर विंडोज टाकेपर्यंत ते तिथं येतही नाही. पण स्टोरेजच्या यादीतही नाव नाही म्हणजे बोर्डाला ती पोचतच नाही. अशा वेळी सीएसएम नि सिक्युअर बूटच्या सेटिंग उलटसुलट करून काही होत नाही.

तुमचा १०१०५ हा २०२१ साली अकराव्या पिढीसोबतच बाजारात आला, पण तो आहे दहाव्या पिढीचा. दहाव्या पिढीच्या प्रोसेसरमधून पीसीआयईच्या १६ लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) निघतात, अकराव्या पिढीत २०. त्या जादा चार लेन बी५६० बोर्डावर वरच्या एम.२ स्लॉटला (एसएसडी बसवायच्या जागेला) दिलेल्या असतात. त्यामुळे बहुतेक बी५६० बोर्डांवर दहाव्या पिढीचा प्रोसेसर लावला की वरचा स्लॉट मुका. मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरात असतं, दुकानात कोणी सांगत नाही. खालचा स्लॉट चिपसेटवर (बोर्डावरच्या वेगळ्या चिपवर) चालतो, एसएसडी तिथं लावा. आधी मेनचं बटण बंद करून वायर काढा.

तिथंही नाव आलं नाही तर एसएसडीच्या टोकाची खाच बघा. एकच खाच असेल तर सहसा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा साटा (जुनी, कमी वेगाची जात). काही स्लॉट दोन्हींपैकी एकच जात घेतात.

बुल्डीकर
हे माहीत नव्हतं. माझ्या गिऱ्हाईकाचा एक बी५६० असाच पडून आहे, बघतो.

सेतूवाला_दारव्हा
आली! खालच्या स्लॉटला स्क्रू बसवायचा पितळी खुंटा नव्हता, वरचा काढून तिथं लावला. बायोसमध्ये एसएसडीचं नाव, साईज सगळं दिसते. मात्र वरचा पत्रा खाली बसत नाही.

पराटी
पत्र्याबिगर चालते. अर्ज भराले न् प्रिंट काढाले कितीक तापन ते? उन्हाळ्यात कॅबिनेटचा पंखा तेवढा चालू राहू द्या.

संत्राबर्फी
विंडोज टाकायच्या आधी हार्डडिस्कची साटा वायर काढून ठेवा. तिच्यावर जुनं विंडोज असेल तर सेटअप कधी कधी बूटच्या फायली त्याच डिस्कवर टाकतो. वर्षभरानं ती डिस्क गेली की नवी एसएसडी धडधाकट असून पीसी सुरू होत नाही, आणि मग परत हाच प्रश्न घेऊन यावं लागतं. शिवाय गिऱ्हाईकांचे कागद तिच्यावर असतील, चुकून फॉरमॅट व्हायची भीतीही नको.

पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्ह काढा, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. विंडोज ११ टाकत असाल तर बायोसमध्ये इंटेल पीटीटी चालू आहे ना बघा. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती पीटीटीतूनच मिळते. विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, सरकारी पोर्टल चालवणाऱ्यानं आता ते टाकू नये.

सेतूवाला_दारव्हा
११ च टाकतो. हार्डडिस्क नंतर कोणत्याही साटा पोर्टला लावली तर चालेल?

संत्राबर्फी
काही बोर्डांवर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. दिसली नाही तर शेजारच्या पोर्टला लावा.