‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’ पुन्हा पाहताना : अभिनयाविषयी मदत हवी आहे

मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या चित्रपटांची चर्चा होते तेव्हा १९७७ सालच्या ‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’ या संगीतपटाचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो, आणि त्याचे शीर्षकगीत मात्र चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक असते. तो नुकताच पुन्हा पाहिल्यावर ही उपेक्षा मला अन्यायकारक वाटू लागली आहे.

माझी अडचण मुख्यतः अभिनयाबाबत आहे. जुन्या हॉलिवूड संगीतपटांची आठवण करून देणारे, मुद्दाम कृत्रिम ठेवलेले नेपथ्य आणि त्यात रॉबर्ट डी निरो व लायझा मिनेली यांनी उत्स्फूर्त संवादांतून रंगवलेली कडवट भांडणे, हा विरोध दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक साधला आहे. पण तो शेवटपर्यंत पेलला गेला आहे का? डी निरो यांनी सॅक्सोफोनवरील बोटांच्या हालचाली कसून शिकून घेतल्या होत्या (प्रत्यक्ष वादन जॉर्जी ऑल्ड यांचे आहे), तरीही त्यांनी साकारलेला सॅक्सोफोनवादक जिमी मला अनेकदा असह्य होतो. मिनेली यांनी साकारलेली गायिका फ्रान्सीन मात्र गाताना जितकी प्रभावी आहे, तितकीच ती गप्प राहून ऐकत असतानाही आहे.

पहिल्या प्रदर्शनात वगळलेला ‘हॅपी एंडिंग्ज’ हा दीर्घ नृत्यगीतांचा भाग १९८१ मध्ये पुन्हा जोडण्यात आला. ज्यांनी दोन्ही आवृत्त्या पाहिल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे की, या भागामुळे फ्रान्सीनच्या व्यक्तिरेखेचा तोल बदलतो का. जिमीच्या स्वभावाकडे सहानुभूतीने पाहणारे एखादे समीक्षण वाचनात आले असल्यास तेही अवश्य सुचवावे.