एम-1 गॅरंडच्या विक्रीच्या नोंदी : कोणती किंमत खरी मानावी?

प्रश्न – पानगळ

अमेरिकेत आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त सैनिक गेल्या वर्षी वारले. त्यांची एम-1 गॅरंड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्कराची रायफल, विकण्याचे त्यांच्या पत्नीने ठरवले असून, रास्त किंमत काढण्यासाठी पूर्वीच्या विक्रीच्या नोंदी शोधण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. रिसीव्हरच्या (नळी आणि दस्ता ज्याला जोडलेले असतात त्या धातूच्या मुख्य भागाच्या) मागच्या टोकावर स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्र कारखान्याचे नाव आणि सिरियल नंबर आहे, व नंबरांच्या तक्त्यानुसार तो 1943 च्या सुरुवातीचा ठरतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ऑपरेटिंग रॉड, म्हणजे बाजूचा सरकता दांडा, मागे ओढला, तेव्हा नळीच्या उजव्या बाजूवर मे 1952 ची तारीख दिसली. लाकडी दस्त्याच्या डाव्या अंगाला चौकटीत ‘एसए’ आणि त्याखाली ‘जीएचएस’ असा पुसट शिक्का आहे. सोबतच्या पाकिटात 1980 च्या दशकातला, सरकारी विक्रीचा एक कागदही मिळाला.

आतापर्यंत मी चौदा किमती टिपून ठेवल्या आहेत, पण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किमतीत दुपटीहून अधिक अंतर आहे. यांतील कोणत्या किमती धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या?

उत्तर – खतावणी

प्रथम या चौदांपैकी किती किमती प्रत्यक्ष विक्रीच्या आहेत आणि किती नुसत्या मागणीच्या, हे वेगळे करा. दुकानदाराने लावलेली किंमत ही त्याची इच्छा असते. वर्षभर तीच जाहिरात तशीच दिसत असेल, तर त्या किमतीला गिऱ्हाईक मिळालेले नाही एवढेच तिच्यातून कळते.

लिलावाच्या नोंदींत दुसरी अडचण येते. हातोडा पडतो ती रक्कम वेगळी, आणि तिच्यावर खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क धरून होणारी रक्कम वेगळी. काही लिलावगृहे निकालात पहिली छापतात, तर काही दुसरी. समजा हातोडा 2,000 डॉलरवर पडला आणि शुल्क 18 टक्के असेल, तर खरेदीदाराने 2,360 डॉलर मोजलेले असतात, आणि विकणाऱ्याच्या हाती मात्र 2,000 मधूनही कमिशन वजा होऊन उरते तेवढेच पडते. बाईंना शेवटच्या आकड्याशी कर्तव्य आहे, म्हणून तक्त्यात तीन वेगळे रकाने ठेवा.

प्रत्येक नोंदीपुढे सिरियल नंबर लिहिण्याची सवयही लावून घ्या. मी एकदा तीन विक्री म्हणून मोजलेल्या नोंदी एकाच रायफलीच्या निघाल्या होत्या : ती लिलावात गेली, घेणाऱ्याने महिनाभरात दुकानात ठेवली आणि तिथून ती पुन्हा लिलावात आली. छायाचित्रेही लगेच उतरवून ठेवा, कारण विक्री झाली की जाहिरात पुष्कळदा काढून टाकतात आणि मग आपल्याजवळ नुसता आकडा उरतो.

उत्तर – अक्रोडी दस्ता

खतावणी यांचे म्हणणे रास्त आहे, परंतु त्याआधी आपल्या हातात नेमकी कोणती वस्तू आहे हे ठरायला हवे. आपण दिलेल्या वर्णनातच तीन काळ एकत्र आले आहेत. ‘जीएचएस’ ही स्प्रिंगफील्ड आर्मरीचे प्रमुख गिल्बर्ट एच. स्टुअर्ट यांची आद्याक्षरे असून, तो शिक्का 1942 पर्यंतचा आहे. 1943 च्या सुरुवातीच्या रायफलीवर त्यांच्यानंतर आलेल्या अर्ल मॅकफार्लंड यांची आद्याक्षरे असायला हवीत. म्हणजे दस्ता रिसीव्हरहून जुना आणि नळी रिसीव्हरहून नऊ वर्षांनी नवी. यात लबाडी असेलच असे नाही. युद्धानंतर लष्करी कारखान्यांत हजारो रायफली उघडून झिजलेले भाग बदलले गेले आणि जो चांगला भाग हाती आला तो बसवला गेला. एका रायफलीचे सगळे भाग पुन्हा एकत्र ठेवण्याचे लष्कराला काहीच कारण नव्हते. ती काळजी संग्राहकांची.

मागच्या दर्शिकेचीही (नेम धरायच्या खुणेचीही) बनावट पाहा. युद्धकाळातील आडव्या पट्टीने आवळायच्या दर्शिका दुरुस्तीच्या वेळी काढून त्यांच्या जागी टी-105 या नंतरच्या प्रकारच्या बसवल्या जात. तशी असेल, तर दुरुस्तीचा आणखी एक पुरावा मिळाला.

तेव्हा आपली तुलना ‘कारखान्यातून निघाली तशीच’ असलेल्या रायफलींशी करू नका. आपल्या यादीतल्या सर्वांत चढ्या किमती बहुधा त्यांच्याच असतील. दुरुस्त झालेल्या रायफलींच्या नोंदी वेगळ्या काढा, आणि त्यांतही आयातदाराचा ठसा असलेल्या बाजूला ठेवा. 1968 च्या कायद्यानंतर परदेशातून परत आलेल्या रायफलींवर असा ठसा मारणे बंधनकारक झाले आणि संग्राहक त्याचे पैसे कापतात.

एक विनंती : कोणी सुचवले तरी ‘योग्य’ भाग विकत घेऊन ही रायफल 1943 ची बनवू नका. जुन्या शिक्क्यांचे नकली ठसे बाजारात इतके आहेत की जाणकाराला प्रत्येक ठळक शिक्क्याचा आधी संशयच येतो. आपला शिक्का पुसट आहे, ही मला चांगली खूण वाटते.

उत्तर – दप्तर

पाकिटातल्या कागदाकडे कोणीच लक्ष दिले नाही, म्हणून लिहितो. 1996 च्या कायद्याने सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम हा नागरिकांसाठीचा नेमबाजी उपक्रम स्वतंत्र संस्था झाला. त्याआधी नागरिकांना अशा रायफली लष्कराचे डायरेक्टर ऑफ सिव्हिलियन मार्क्समनशिप हे कार्यालय विकत असे. कागदावर सिरियल नंबर असेल आणि तो रायफलीशी जुळत असेल, तर ती सरकारकडून थेट त्या गृहस्थांकडे आली हे सिद्ध होते. साध्या रायफलीच्या किमतीत त्याने थोडीच भर पडते. एम-1सी किंवा एम-1डी या गॅरंडच्याच, लांबून नेम धरण्यासाठी दुर्बीण बसवलेल्या प्रकारांत मात्र सगळा भार कागदावर असतो, कारण एम-1डीची नळी कोणत्याही साध्या रायफलीवर चढवता येते.

सेवेचा इतिहास शोधायचा मोह होईल. नॅशनल आर्काइव्ह्ज या अमेरिकी सरकारी अभिलेखागारातील ऑर्डनन्स (लष्करी शस्त्रपुरवठा) खात्याचे दप्तर, म्हणजे रेकॉर्ड ग्रुप 156, आणि त्यातून स्प्रिंगफील्ड रिसर्च सर्व्हिसने वेचलेले सिरियल नंबर हा त्याचा मुख्य आधार आहे. पण बनलेल्या लाखो रायफलींपैकी थोड्यांचेच नंबर त्यात सापडतात. आपला नंबर एखाद्या नोंदलेल्या नंबराच्या जवळ आहे, यावरून काहीही सिद्ध होत नाही; जाहिरातीत तसे लिहिलेले असेल तर ते वाक्य वगळून किंमत पाहावी.

पानगळ

सर्वांचा आभारी आहे. दर्शिका टी-105च निघाली. चौदांपैकी सहा नुसत्या मागण्या होत्या, दोन नोंदी एकाच नंबराच्या होत्या आणि दोन रायफली मूळ स्थितीतल्या म्हणून गळल्या. उरलेल्या पाच किमती शुल्क वगळून मांडल्यावर एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या.

कागदाने मात्र काल घाबरवले. त्यावरचा शेवटून दुसरा अंक 8 आणि रिसीव्हरवर 3 दिसत होता. बाईंनीच भिंग आणून दिले. तिरप्या उजेडात रिसीव्हरवरच्या अंकाची झिजलेली डावी बाजू उमटली आणि तोही 8 असल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे सिरियल नंबरावरून काढलेला महिना पुन्हा तपासला. तो बदलला नाही.