मदत हवी आहे : कातळात कार्बन डायऑक्साइड साठवण्याची चाचणी होण्याआधी गावाने काय मोजून ठेवावे?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातील आमच्या गावाच्या पाणीपुरवठा समितीचा मी सदस्य आहे. परिसरात एक खोल विंधन विहीर घेऊन काळ्या कातळात कोळसा जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड साठवता येईल का, हे तपासण्याचा विचार एका अभ्यासगटाने ग्रामपंचायतीपुढे मांडला आहे. ग्रामसभेआधी समितीने आपले प्रश्न लेखी द्यायचे आहेत. विरोधासाठी विरोध करण्याची आमची इच्छा नाही. कोळशाचा धूर कमी व्हावा असे आम्हालाही मनापासून वाटते, पण धोका नेमका कुठे आहे हे समजल्याशिवाय होकार देणेही बरोबर नाही.

गावात सर्वाधिक चर्चा आहे ती वायू एकदम वर उसळण्याची. कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ रोजी बाहेर पडलेल्या वायूने सुमारे १,७०० माणसे गुदमरून मेली, ही माहिती सध्या सर्वांच्या मोबाइलवर फिरते आहे. मात्र तिथे ज्वालामुखीचा वायू सरोवराच्या तळाच्या पाण्यात विरघळून साचला होता आणि ते पाणी ढवळले जाताच तो एकदम सुटला. साधारण ८०० मीटरहून खोल, खडकाच्या बारीक छिद्रांत दाबाखाली घट्ट झालेल्या वायूला तशी वाट मिळत नाही. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने २००५ मध्ये म्हटले होते की, नीट निवडलेल्या आणि नीट सांभाळलेल्या साठ्यात हजार वर्षांनंतरही ९९ टक्क्यांहून अधिक वायू टिकून राहण्याची शक्यता आहे. माझी काळजी ‘नीट निवडलेल्या’ या अटीविषयी आहे.

नॉर्वेजवळ उत्तर समुद्राच्या तळाखाली स्लाइपनर येथे १९९६ पासून वायू साठवला जातो, पण तो वालुकाश्मात, आणि त्यावर शेलचा (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा) जाड थर आहे. आपल्याकडचा कातळ बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिज (चुनखडीसारखा घन पदार्थ) झाले, हे निश्चितच आशादायक आहे. परंतु त्या पद्धतीला वायूच्या वजनाच्या पंचवीसपट पाणी लागते, आणि आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो. अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये पाण्याशिवाय सुमारे हजार टन वायू बेसाल्टमध्ये सोडला गेला आणि तिथेही खनिज झाल्याचे आढळले. आमच्याकडे विहीर खोदताना निघणाऱ्या कातळाच्या छिद्रांत मात्र बहुतेक वेळा पांढरे स्फटिक आधीच गच्च भरलेले असतात. खोलवरही तसेच असेल तर वायूला जागा कुठे मिळणार आणि दाब किती वाढणार?

दाबाचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. अल्जीरियातील इन सालाह येथे वायू सोडल्यावर वरची जमीन किंचित उचलली गेल्याचे उपग्रहांनी टिपले आणि वरच्या खडकाच्या अभेद्यतेविषयी शंका आल्यामुळे २०११ मध्ये काम थांबवण्यात आले. घाटापलीकडे कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि धरणातील पाण्याचा भार व भेगांत झिरपलेला दाब यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी येथील गरम पाण्याचे झरे पाहिले तर खोलवरचे पाणी वर आणणाऱ्या भेगा कोकणात आहेतच, हे वेगळे सांगायला नको. त्या भेगांपासून किती अंतर राखणार, हा आमचा पहिला लेखी प्रश्न असेल.

दुसरा प्रश्न नळवाहिनीचा. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील सटार्शिया येथे फेब्रुवारी २०२० मध्ये अतिवृष्टीने डोंगरउतार सरकला, कार्बन डायऑक्साइडची नळवाहिनी फुटली, ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि मोटारींची इंजिनेही बंद पडली. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने सखल भागात साचतो. तळिये आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या कोकणात नळवाहिनीचा मार्ग ठरवताना याचा विचार झालाच पाहिजे.

आता ज्यासाठी मदत हवी आहे ते लिहितो. उद्या एखाद्या विहिरीचे पाणी आंबूस लागले तर ते चाचणीमुळे की आधीपासूनच, हे कशावरून ठरवणार? त्यासाठी आजच्या नोंदी हव्यात. कोणत्या विहिरी निवडाव्यात, काय मोजावे, किती काळ मोजावे, आणि हे काम अभ्यासगटाऐवजी स्वतंत्रपणे कोणाकडून करून घ्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : कातळशिल्प

आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. मी भूजलाच्या क्षेत्रात काम केले असल्यामुळे तेवढ्यापुरते लिहितो.

किमान एक संपूर्ण वर्ष मोजा. केवळ उन्हाळ्यातील नोंदी फसव्या ठरतील. पहिल्या पावसानंतर जांभ्यावरच्या मातीत मुळे आणि जीवाणू जोमाने श्वसन करू लागतात आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड आपोआपच कैक पटींनी वाढतो. चाचणी जूनमध्ये सुरू झाली तर ही नैसर्गिक वाढ गळती समजली जाईल, किंवा याच्या उलट, खरी गळती पावसाच्या नावावर खपवली जाईल. म्हणून मातीतील वायू तपासताना ऑक्सिजन आणि नायट्रोजनही मोजायला सांगा. श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढतो तेव्हा साधारण तेवढाच ऑक्सिजन कमी होतो; खालून वायू आला तर नायट्रोजनचे प्रमाणही घटते. कॅनडातील वेबर्न येथे शेतजमिनीत गळतीची तक्रार झाली, तेव्हा अशाच गुणोत्तरांच्या आणि समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) आधारे तो वायू मातीतलाच असल्याचे २०११ मध्ये स्वतंत्र तपासणीत दिसून आले.

एक बारकावा लक्षात ठेवावा. कोळसा जाळून निघणारा वायू आणि आंब्याच्या मुळांतून येणारा वायू यांतील कार्बन-१३ चे प्रमाण जवळपास सारखेच असते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. कोळशात कार्बन-१४ उरलेला नसतो, मुळांतून येणाऱ्या वायूत तो असतो. खरा फरक तिथे कळतो.

विहिरींसाठी सामू (pH), विद्युत वाहकता, क्षारता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि मँगनीज दरमहा तपासावे. डोंगरउतारावरची, गावातली आणि खाडीलगतची अशा तिन्ही प्रकारच्या विहिरी घ्याव्यात, कारण खाडीलगत खारेपणा मुळातच बदलत असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी आधी मागवा. तसेच फेल गेलेल्या सर्व बोअरची यादी करा. त्या उथळ असतात, वायूच्या साठ्यापर्यंत पोहोचत नाहीत, परंतु वर आलेल्या वायूला शेवटचा टप्पा त्याच सोपा करून देतात.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. बोअरच्या यादीचे काम लगेच हाती घेता येईल. अनेक ठिकाणी केसिंग उपसून नेले आहे आणि तोंडावर नुसता चिरा ठेवला आहे, त्यामुळे वाडीवाडीतील जुन्या माणसांना विचारूनच जागा शोधाव्या लागतील.

आणखी एक शंका आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठा बंद केल्यावर साधारणपणे किमान वीस वर्षे जबाबदारी चालवणाऱ्याकडेच राहते, आणि अमेरिकेत सर्वसाधारणपणे पन्नास वर्षे देखरेखीची अट आहे. चाचणीच्या छोट्या विहिरीसाठीही असा काळ आणि त्यासाठी वेगळी ठेव करारात लिहून घ्यावी, अशी सूचना आम्ही करणार आहोत. असा करार मराठीत तयार करण्याचा अनुभव कोणाला असेल तर कृपया इथेच कळवावे. मसुदा तयार होताच तो सर्वांच्या अवलोकनासाठी याच धाग्यावर ठेवीन.