मराठी अर्ज परत केला, शिक्षक कागदावरच हजर. दाद नेमकी कुठे मागायची?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

कर्नाटकातल्या सीमेवरच्या तालुक्यातली सरकारी मराठी शाळा, पहिली ते पाचवी, पटावर ६८ मुलं. मंजूर जागा दोन. त्यातले एक शिक्षक गेल्या जूनपासून डेप्युटेशनवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) दुसऱ्या शाळेत आहेत, पगार मात्र इथल्या जागेवर निघतो. त्यांच्या जागी दिलेल्या अतिथी शिक्षकाला मराठी वाचता येत नाही, तो मुलांना हिंदीतून गणित समजावतो. शाळा सुधारणा समितीनं मराठीत अर्ज नेला तर टपाल घेणाऱ्यानं "कन्नडमध्ये आणा" म्हणून परत केला.

विचारायचं असं की मराठी अर्ज नाकारता येतो का? शिक्षकासाठी कुणाकडे आणि कोणत्या क्रमानं जायचं? आणि जाता जाता, समितीतल्या एका पालकांना फौजदारी कोर्टाचं साक्षीचं समन्स आलंय, तेही कन्नडमध्ये. साक्ष मराठीत देता येते का?

---

फाईलवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाकारता येत नाही. घटनेचा अनुच्छेद ३५० वाचा. गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. पण उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं याबद्दल त्यात चकार शब्द नाही. म्हणजे अर्ज घ्यायला लावू शकता, मराठी उत्तर मागू शकत नाही.

खिडकीवर वाद घालू नका. अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. पोस्टानं आलेला कागद "कन्नडमध्ये आणा" म्हणून हातात परत देता येत नाही आणि तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो. मूळ अर्ज मराठीत, मागे कन्नड अनुवाद, आणि "अनुवाद सोयीसाठी जोडला आहे" अशी एक ओळ. विषयाची ओळ मात्र पहिल्या पानावर दोन्ही भाषांत लिहा. आवक नोंदवणारा कारकून विषय वाचूनच कागद कुठल्या टेबलावर जाणार ते ठरवतो. त्याला विषय कळला नाही तर अर्ज भलत्याच टेबलावर जातो आणि तिथंच झोपतो. निम्मे अर्ज नाकारले जात नाहीत, ते असेच हरवतात.

आता खड्डा कुठे आहे ते सांगतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३५० चा आधार घेऊ नका. त्या कायद्याचं कलम ६(१) म्हणतं, अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत. मराठी अर्ज इथं खरोखरच अडतो. कन्नड लिहिणारं कुणी नसेल तर सरळ हिंदीत लिहा, कायद्यात बसतं. कर्नाटकच्या नियमांत आणखी दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

---

जांबोटी रोड

शिक्षकाच्या भागावर लिहितो, कारण बहुतेक समित्या "शिक्षक द्या" एवढंच लिहितात आणि तिथंच फसतात. कार्यालयाच्या दृष्टीनं तुमच्याकडे शिक्षक *आहे*. मंजूर २, कार्यरत २, रिक्त ०. रिक्त जागाच नाही तर भरायचं काय?

म्हणून आधी माहिती अधिकारात फक्त हे मागा: शाळेच्या मंजूर जागा माध्यमासह, त्या जागांवर पगार घेणाऱ्यांची संख्या, त्यापैकी डेप्युटेशनवर किती, आणि डेप्युटेशनच्या आदेशाची प्रत. आदेशावरचा क्रमांक, तारीख, मुदत बघा. कित्येकदा मुदत संपलेली असते, कधी तोंडीच पाठवलेलं असतं. दोन्ही वेळा "नवा शिक्षक द्या" ऐवजी "मूळ जागेवर परत पाठवा" अशी मागणी करता येते. ती मान्य करायला नवी भरती लागत नाही, पैसे लागत नाहीत, एक सही लागते.

दुसरं, तुमच्या शाळेला दोनच जागा हेही कमी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. ६८ मुलं म्हणजे तीन. पण ही ६८ मुलं सॅट्स (राज्याची ऑनलाइन विद्यार्थी नोंद) आणि यूडायसमध्ये (केंद्राची शाळांची माहिती नोंद) ६८ दिसतात का ते मुख्याध्यापकांकडून छापील प्रत घेऊन तपासा. जागा ठरतात त्या याच आकड्यांवर, हजेरीपटावर नाही. नोंदणी अर्धवट राहून आठ मुलं गळाली की तुम्ही ६० वर येता आणि तिसऱ्या जागेचा हक्क गेला. त्याच छाप्यात शाळेचं माध्यम "मराठी" लिहिलंय ना, तेही बघा. तिथं चूक असेल तर कन्नड शिक्षक येणं नियमातच बसतं, मग भांडणार कुणाशी?

अतिथी शिक्षकाची नेमणूक दर शैक्षणिक वर्षाला नव्यानं होते. म्हणून शाळा उघडायच्या आधीच, मे महिन्यात, समितीनं ठराव करावा: "मराठी माध्यमात शिकलेला उमेदवारच घ्यावा." ऑगस्टमध्ये केलेला ठराव त्या वर्षी उपयोगाचा नाही.

क्रम असा: सीआरपीला (आसपासच्या शाळांच्या गटाचा समन्वयक) तोंडी, बीईओला (तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी) लेखी, मग डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक). इथं गल्लत होते, महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याचे जिल्हे दोन आहेत. खानापूर, बैलहोंगल, बेळगाव शहर आणि ग्रामीण ही बेळगाव डीडीपीआयकडे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड ही चिकोडीकडे. त्यावर धारवाडचे अतिरिक्त आयुक्त. याला समांतर, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, निकालाची मुदत तीन महिने. ती झेडपीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करा, बीईओ आणि डीडीपीआयना प्रत द्या. त्यावर अपील बेंगळूरच्या राज्य बालहक्क आयोगाकडे. अर्जात "कलम ३२" हा शब्द लिहाच, नाहीतर ते साधं निवेदन धरलं जातं आणि मुदत सुरूच होत नाही.

---

निपाणीकर

एवढं कशाला फिरायचं? १५ टक्के मराठी लोक असतील तिथं मराठीत कागद द्यायचा कायदाच आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तक्रार टाका, आपोआप हलतील.

---

फाईलवाला

निपाणीकर साहेब, १५ टक्क्यांची गोष्ट खरी, पण तो कायदा नाही. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्रानं काढलेल्या निवेदनातली ती हमी आहे: जिथं अल्पसंख्याक भाषकांचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असली की मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, हा निकष त्याहून जुना, १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला. दोन्ही अर्जात जरूर लिहा, वजन येतं. पण नुसत्या त्यांच्या बळावर कोर्ट आदेश देईल असं धरून चालू नका. त्याच्या जोडीला मातृभाषेतून शिक्षणाबद्दलचे अनुच्छेद ३५०-अ आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९(२)(फ) हवं, आणि त्या कलमातही "शक्य तितपत" हे शब्द आहेतच.

आयुक्तांचं पद अनुच्छेद ३५०-ब खालचं. ते चौकशी करतात, राज्याला विचारणा करतात, राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेपुढे ठेवला जातो. बीईओला आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. तरी प्रत पाठवाच, कारण त्यांच्याकडून राज्याला पत्र आलं की त्याचं उत्तर तयार करायला फाईल कुणाला तरी उघडावी लागते. फक्त ती *प्रत* असू द्या, एकमेव अर्ज नको. महाराष्ट्रातल्या मंत्र्यांना लिहिणाऱ्यांनाही तेच: २००४ चा सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, पण इथल्या शाळेवर अधिकार चालतो तो कर्नाटकाचा.

---

तालुका कोर्ट

साक्षीबद्दल. साक्ष मराठीत देता येते. खालच्या कोर्टांची भाषा राज्य सरकार ठरवतं, इथं कन्नड. साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१२ प्रमाणे जमत असेल तर त्याच भाषेत, नाहीतर कोर्टाच्या भाषेत अचूक अनुवाद होऊन नोंद होते. १ जुलै २०२४ पूर्वीपासून सुरू असलेल्या खटल्यात जुनी दंड प्रक्रिया संहिता लागत असेल तर तेच कलम २७७.

चूक होते ती सही करताना. कलम ३१३ प्रमाणे नोंदलेली साक्ष वाचून दाखवायची असते, आणि ती साक्षीदाराला न कळणाऱ्या भाषेत असेल तर समजावूनही सांगायची असते. "मला कन्नड वाचता येत नाही, मराठीत सांगा" हे सही करण्याआधी न्यायाधीशांना उभं राहून म्हणायचं. सही झाल्यावर "मी असं म्हटलंच नव्हतं" याला कुणी विचारत नाही. शेतीच्या खटल्यांत "वाटणी" आणि "वहिवाट" यांचा अनुवाद एकच शब्द घालून झालेला असतो, आणि दाव्याचा अर्थच फिरतो.

तुमचे पालक साक्षीदार आहेत, पण आरोपी मराठी असेल तर त्याला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याच्या भाषेत समजावून द्यायची जबाबदारी कोर्टाची, कलम ३१४. वकिलानं मागणी केली तर ती ऑर्डरशीटवर (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) येते का ते बघावं. आणि हो, पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कलम १८१. मागितली तर नम्रपणे नाही म्हणा.

समन्स वाचून घ्यायला किंवा वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते; फोनवर १५१००. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली माणसं यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

---

मलप्रभाकाठ

आभारी आहे सगळ्यांचा. सॅट्सचा छापा काढला, ६८ पैकी ६१ च दिसतायत. लोकायुक्तांकडे जाण्यात अर्थ आहे का?

---

जांबोटी रोड

६१ म्हणजे काठावर आहात. उरलेली सात आधी चढवून घ्या. एक नाव गळालं की तिसरी जागा गेली.

लोकायुक्त शिक्षक नेमत नाहीत. कुणी पैसे मागितले, हजर नसलेल्याची हजेरी लावली, तर जा. त्यांच्याकडे साधा अर्ज चालत नाही, ठरलेला फॉर्म आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं.

---

तालुका कोर्ट

आणि हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिटचा (सरकारला आदेश द्या म्हणून याचिकेचा) विचार पुढे कधी झालाच तर वकील पहिल्यांदा विचारतील, "मागणी केली होती का, आणि तिचं काय झालं?" त्यासाठी स्पीड पोस्टाच्या पावत्या, स्मरणपत्र, माहिती अधिकाराचं उत्तर आणि समितीच्या ठरावाची नक्कल एकाच फाईलीत, तारखेच्या क्रमानं ठेवा. ठरावावर सगळ्या सदस्यांच्या सह्या हव्यात, नुसत्या अध्यक्षांची नको.