मदत हवी आहे: पांडवलेणीला रोज चढणाऱ्या नाशिककरांना आत कसं आणायचं?

नाशिकमधे पांडवलेणीच्या, म्हणजे डोंगरात कोरलेल्या प्राचीन बौद्ध लेण्यांच्या, पायऱ्या सकाळी व्यायामाला चढणारे बरेच लोक आहेत, पण वर जाऊन सेल्फी काढून परत खाली. ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलगा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे पराक्रम आईने कोरून घेतलेत, १० नंबरला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदाताचे दानलेख, हे आपल्या गावात आहे आणि आपल्यालाच माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

आम्ही काही शेजारी मिळून रविवारी लेणी दाखवणारी फेरी काढतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टर टाकून झालं, ज्येष्ठ नागरिक संघातही बोललो, पण येतात ते आधीपासून आवड असलेलेच. शाळांना विचारलं तर परीक्षा झाल्यावर बघू म्हणतात. तिकिटाची अडचण नाही, १५ वर्षांखालच्या मुलांना तर लागतच नाही. बजेट शून्य, माइक-स्पीकर नको, वेळ फार तर दीड तास, आणि लेखांची ब्राह्मी लिपी वाचता येणारे एक काका सोबत असतात.

तुमच्या गावात कोणी असं केलंय का? ज्यांना इतिहासात अजिबात रस नाही असे शेजारी पहिल्यांदा नेमके कशामुळे आले, आणि दुसऱ्यांदा का आले?